रणगाड्याची वाणी: ओठांची कीं कंठाची?

अहमदनगरचें नांव निघालें म्हणजे इतिहासाची आवड असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम तेथील भुईकोट किल्ला उभा राहतो. मलिक अहमदानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेलें हें नगर. चांदबिबीनें १५९५-९६ च्या वेढ्यांत राखलेला हा किल्ला. १८०३ च्या ऑगस्टमध्यें वेलस्लीनें घेतलेला आणि १९४२ ते १९४५ या काळांत पंडित नेहरू व राष्ट्रसभेचे इतर पुढारी जेथें बंदिवान होते तोहि हाच. २०२४ पासून शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. जुन्या माणसांच्या बोलण्यांत मात्र तें नुसतें ‘नगर’च राहिलें आहे.

या नगरचें आणखी एक रूप आहे, आणि तें किल्ल्याइतकें प्रसिद्ध नाहीं. रॉयल टँक कोअरची शाळा येथें १९२४ मध्यें आली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ पर्यंत, चिलखती दळाची शिक्षणकेंद्रें व दप्तरें येथें एकत्र आणून ‘आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल’ ही संस्था उभी राहिली. हिंदुस्थानचा रणगाडा चालविणारा शिपाई आणि त्याचा अंमलदार या दोघांचें गुरुकुल तेंच. या संस्थेनें १९९४ मध्यें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. तेथें रोल्स-रॉईसची चिलखती मोटार, मॅटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल अशीं जुनीं धुडें ओळीनें मांडलेलीं आहेत. मुलें तोफेची नळी किती लांब आहे तें पाहतात, मोठीं माणसें पोलाद किती जाड आहे तें विचारतात. पण या लोखंडी पेटींत बसलेलीं चार-पांच माणसें एकमेकांशीं बोलत कशीं असतील, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज मी याच प्रश्नाचा थोडा इतिहास सांगणार आहें. कारण रणगाड्याचें सामर्थ्य त्याच्या तोफेंत असलें, तरी त्या तोफेचें तोंड कोणीकडे वळवावें हें सांगावें लागतें शब्दानेंच. आणि तो शब्द चुकीचा ऐकूं आला, तर पोलाद कितीहि जाड असून उपयोग नसतो.

रणांगणावर आज्ञा ऐकूं जावी कशी, ही अडचण फार जुनी आहे. मलिक-ए-मैदान ही विख्यात तोफ १५४९ मध्यें नगरासच ओतली गेली. ती आज विजापुरास आहे. तिला बत्ती देणारा गोलंदाज कान फुटूं नयेत म्हणून शेजारच्या पाण्यांत बुडी मारीत असे, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, तोफेपुढें माणसाच्या आवाजाची किंमत काय, हें तिच्यावरून उमगतें. म्हणूनच जुन्या सैन्यांत तोंडी हुकुमावर कोणी फार विसंबत नसे. शिंग, कर्णा, नौबत आणि निशाण यांनीं काम भागे. पुढें इंग्रजी अमलांतल्या रिसाल्यांत बिगूल आला. १८१७ मध्यें उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या रिसाल्यांत अनेक पिढ्या स्वार बिगुलाच्या सुरावर दौडले, वळले व थांबले. घोड्याच्या टापांचा आवाज मोठा खरा, परंतु तो बिगुलाला गिळून टाकीत नसे. घोड्यावरच्या माणसाला आपला नायक डोळ्यांनीं दिसतहि असे.

रणगाडा आला आणि या दोन्ही सोयी एकदम गेल्या. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या लढाईंत इंग्रजांनीं पहिले रणगाडे सोडले. प्रत्येकांत आठ माणसें, आणि इंजिन त्यांच्या मधोमध, उघडेंच. शेजाऱ्याच्या कानांत ओरडलें तरी ऐकूं जात नसे. मागच्या बाजूस गियर सांभाळणाऱ्या माणसांना कांहीं सांगावयाचें झालें, तर चालक इंजिनाच्या झांकणावर पाना आपटी आणि मग बोटांनीं खूण करी. बाहेरच्या सेनेला निरोप धाडण्यासाठीं कबुतरें बरोबर घेतलेलीं असत. विसाव्या शतकांतलें सर्वांत नवें युद्धयंत्र, आणि त्याचा जासूद मात्र नूहच्या तारवांतला! हा विरोध तेव्हांच्या सेनाधिकाऱ्यांनाहि बोंचला असला पाहिजे. इंजिन आणि चिलखत या दोन गोष्टी सुधारल्या, पण वाणी सुधारली नाहीं तर रणगाडा हें एक आंधळें आणि मुकें जनावरच राहणार, हें पुढच्या वीस वर्षांत हळूहळू ध्यानांत आलें.

ज्याच्या ध्यानांत तें सर्वांत लौकर आलें तो जर्मन सेनानी हाइन्झ गुडेरियन. १९१४ च्या युद्धांत त्यानें बिनतारी पथकावर काम केलें होतें. त्यामुळें रणगाड्यांचें दळ उभारतांना प्रत्येक गाडींत बिनतारी असलीच पाहिजे, असा आग्रह त्यानें धरला. उलट १९४० मध्यें फ्रान्सच्या पुष्कळ रणगाड्यांत बिनतारी नव्हती. चिलखत जाड, तोफ चांगली, पण निरोप द्यावयाचा तर निशाण हालवावें लागे. त्या वर्षींच्या मे-जूनमध्यें काय घडलें तें जगाला ठाऊक आहे. फ्रान्सच्या पराजयाचीं कारणें अनेक आहेत. परंतु ‘ऐकणारे रणगाडे’ विरुद्ध ‘न ऐकणारे रणगाडे’ हें त्यांतलें एक खास होय.

आपल्याकडे १९३८ मध्यें सिंद हॉर्स व तेरावी लान्सर्स या दोन रिसाल्यांनीं घोडे सोडून यंत्रें घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी रिसाल्यांच्या रणगाड्यांत जी बिनतारी आली ती इंग्रजी ‘एकोणीस नंबर’चा संच. १९४०-४१ च्या सुमारास इंग्लंडांत तयार झालेल्या या संचाची रचना मोठी हुशारीची होती. एकाच पेटींत तीन कामें होत: दूरच्या मुख्य ठाण्याशीं बोलणें, जवळच्या सोबती गाड्यांशीं बोलणें, आणि गाडीच्या आंतल्या आंत नायक, तोफची व चालक यांनीं एकमेकांशीं बोलणें. नायकानें एक खटका फिरवून आपण कोणाशीं बोलतों आहों हें ठरवावयाचें. खटका चुकीच्या जागीं राहिला, तर चालकाला उद्देशून काढलेला वैतागाचा उद्गार सबंध पलटणीला ऐकूं जावयाचा!

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. संच उत्तम, पण त्यांत आवाज शिरावा कोठून? चालत्या रणगाड्याच्या पोटांत गोंगाट सुमारें ११० ते १२० डेसिबल असतो. घरांतलें साधें बोलणें साठच्या आसपास. डेसिबलचें गणित असें आहे कीं दर दहाला ध्वनीची शक्ति दसपट होते. म्हणजे साठ आणि एकशेंवीस यांमध्यें दुप्पट नव्हे, तर दहा लक्ष पटींचें अंतर पडतें. तोंडासमोर धरलेला साधा मायक्रोफोन निःपक्षपाती असतो. त्याला मालकाचा आवाज आणि इंजिनाचा खडखडाट यांतला भेद कळत नाहीं. समोर जें येईल तें तो तारेंत ढकलतो. शिवाय हातांत धरावयाचा म्हटला तर एक हात अडकला. नायकाला दुर्बीण हवी, नकाशा हवा. चालकाचे तर दोन्ही हात दांड्यांवर.

यावर निघालेली एक तोड म्हणजे गळ्याचा मायक्रोफोन. कल्पना सोपी आहे. आपण बोलतों तेव्हां कंठमण्याच्या मागें असलेले स्वरतंतू थरथरतात. पुरुषाच्या आवाजांत दर सेकंदास साधारण शंभर ते दीडशें वेळां. मोठ्यानें ‘अऽऽ’ म्हणतांना गळ्यावर बोटें ठेवलीं तर ही थरथर कोणालाहि जाणवेल. मग आवाज हवेंतून घ्यावयाचा कशाला? कंठमण्याच्या दोहों बाजूंस बटनाएवढ्या दोन डब्या पट्ट्यानें बांधल्या, तर तीच थरथर कातडीवरून थेट यंत्रांत जाईल. त्या काळच्या कित्येक डब्यांत कार्बनचे बारीक कण भरलेले असत. थरथरीनें कण दाबले जात आणि सैल पडत, त्याबरोबर त्यांतून वाहणारा विजेचा प्रवाह कमी-जास्त होई. १८७८ मध्यें ह्यूझ यानें ज्याला मायक्रोफोन असें नांव दिलें, त्याचेंच हें तत्त्व. इंजिनाचा गोंगाट हवेंत असतो. या डब्या हवेकडे पाठ फिरवून गळ्याला बिलगलेल्या असल्यामुळें तो त्यांना फारच थोडा ऐकूं जातो. दोन्ही हात मोकळे, तोंड मोकळें, विषारी वायूचा मुखवटा चढविला तरी हरकत नाहीं. जर्मन रणगाड्यांनीं हें साधन पत्करलें, अमेरिकन वैमानिकांच्या गळ्यांत तें आलें, आणि सोव्हिएत रशियानें तर रणगाडेवाल्याच्या गादीदार टोपालाच तें कायमचें जोडून टाकलें.

येथें कोणीहि म्हणेल कीं प्रश्न सुटला. पण सुटला नाहीं. आणि कां सुटला नाहीं, याचें उत्तर आपल्या शालेय व्याकरणांतच आहे. व्यंजनांचे कठोर आणि मृदु असे दोन वर्ग आपण मुलांकडून पाठ करून घेतों. क, ख, च, छ, ट, ठ, त, थ, प, फ आणि श, ष, स हीं कठोर. ग, घ, ज, झ, ड, ढ, द, ध, ब, भ इत्यादि मृदु. मुलांना ही यादी निरर्थक वाटते. संधि सोडवितांना लागते म्हणून तीं ती घोकतात एवढेंच. परंतु या भेदाचें मूळ कानांत नसून कंठांत आहे. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनीं व प्रातिशाख्यकारांनीं तें नेमकें सांगून ठेविलें आहे: कंठाचें द्वार आवळलेलें असतां नाद निघतो, उघडें असतां नुसता श्वास निघतो. नादापासून घोष वर्ण, श्वासापासून अघोष. गळ्यावर बोटें ठेवून ‘झऽऽ’ म्हणा, थरथर लागेल; ‘सऽऽ’ म्हणा, गळा स्तब्ध राहील. ‘स’ जन्मतो तो दांतांपाशीं. कंठाला त्याची वार्ताच नसते.

गळ्याचा मायक्रोफोन हा जणूं या शास्त्राचा यांत्रिक परीक्षक आहे. नाद त्याला मिळतो, श्वास मिळत नाहीं. ‘ग, ज, द, ब’ यांची चाहूल त्याला लागते. ‘क, च, त, प’ पुसट होतात. ‘स’ आणि ‘श’ तर जवळजवळ नाहींसेच होतात. त्यांत आणखी भर अशी कीं, गळ्याचें मांस व कातडी उंच कंपनांना अडवितात. ‘स’काराची बहुतेक शक्ति दर सेकंदास चार हजारांहून अधिक कंपनांत असते, आणि हीं बारीक कंपनें गळ्यावरच्या डबीपर्यंत येऊन पोंचतच नाहींत. म्हणून या यंत्रांतून आलेला आवाज घोंगडीआडून बोलल्यासारखा घोगरा वाटतो. बोलणारा मोठ्यानें बोलतो आहे हें कळतें. काय बोलतो आहे हें अंदाजानें जुळवावें लागतें.

हा दोष केवळ कानाला अप्रिय असता तर सोडून देतां आला असता. पण रणगाड्यांतलें बोलणें हें मुख्यतः आंकड्यांचें असतें: अंतर किती, दिशा कोणती, शत्रूच्या गाड्या किती. आतां आपलेच आंकडे घ्या. ‘सात’ आणि ‘आठ’. पहिल्यांतला ‘स’ गेला, शेवटचे ‘त’ व ‘ठ’ पुसट झाले, कीं दोहोंत उरतो तो ‘आ’. ‘पांच’ची गतहि फारशी वेगळी नाहीं. त्या मानानें ‘दोन’, ‘तीन’, ‘नऊ’ बरे, कारण त्यांत घोष वर्ण आहेत. आपल्या लष्कराची बोली हिंदुस्तानी असल्यामुळें सुटका होते असेंहि नाहीं. तिच्यांतहि ‘सात’ सातच आणि ‘आठ’ आठच. सातशें वारांवरचें लक्ष्य आठशें ऐकलें गेलें तर गोळा डोक्यावरून जातो, आणि दुसरा गोळा भरेपर्यंत शत्रू स्वस्थ बसत नाहीं.

या गोष्टीची शास्त्रीय परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत झाली. हार्वर्ड विद्यापीठांत १९४० पासून ध्वनिविषयक प्रयोगशाळा याच कामास जुंपल्या होत्या. एकानें गोंगाटांत बसून शब्दांच्या व अर्थहीन अक्षरांच्या याद्या वाचावयाच्या, दुसऱ्यानें हेडफोन लावून त्या लिहून घ्यावयाच्या, आणि शेंकडा किती बरोबर आले तें मोजावयाचें. एवढी साधी रीत. पण मत आणि माप यांतला फरक तिनें दाखविला. बोलणें किती समजतें या कसोटीवर गळ्याचा मायक्रोफोन उणा ठरला, आणि अमेरिकन भूदलानें वरच्या ओठावर बसणारा एक निराळा मायक्रोफोन स्वीकारला. त्याची युक्ति अशी कीं, आंतल्या पडद्याला पुढून आणि मागून अशीं दोहों बाजूंनीं हवा लागते. दूरचा गोंगाट दोहों बाजूंस सारखाच पोंचतो, म्हणून पडदा हालत नाहीं. ओठांचा शब्द मात्र एका बाजूस जोरानें लागतो, म्हणून पडदा हालतो. ‘स’, ‘त’, ‘प’ हे ओठादांतांचे वर्ण त्यांत शाबूत राहिले. दोष एवढाच कीं तो ओठांपासून बोटभर जरी सरकला, तरी त्याचा सगळा गुण जातो. आणि वारा थेट त्याच्यावर आला तर तो घुंघुं करूं लागतो.

जेथें यंत्र कमी पडलें तेथें माणसानें आपली भाषा बदलली, हें मला या इतिहासांतलें सर्वांत बोधप्रद प्रकरण वाटतें. इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ या दोहोंचा स्वर एकच, म्हणून बिनतारीवर ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ असे उच्चार ठरले. एकाक्षरी नांवें गोंगाटांत विरतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक सबंध शब्द दिला गेला. महायुद्धांत ‘एबल, बेकर, चार्ली’ ही माला होती. ‘आल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही आजची माला १९५६ मध्यें रूढ झाली. मिळालें या अर्थाचा जो ‘रॉजर’ शब्द आपण चित्रपटांत ऐकतों, तो जुन्या मालेंतला ‘आर’ या अक्षराचा शब्द, म्हणजे ‘रिसीव्ह्ड’चें आद्याक्षर. त्याबरोबर बोलण्याची शिस्तहि आली: आधीं कोणाला उद्देशून तें सांगावें, मग मोजक्या ठराविक शब्दांत मजकूर, आंकडा असल्यास एकेक अंक वेगळा, आणि ऐकणाऱ्यानें तो परत म्हणून दाखवावा. वेदपाठशाळेंत संथा देण्याची जी पद्धत आहे तिच्याशीं या पद्धतीचें नातें लक्षांत येण्याजोगें आहे. पाठ चुकूं नये म्हणून तेथेंहि शिष्याकडून तो पुनः म्हणवून घेतात.

स्वतंत्र हिंदुस्थानच्या चिलखती दळांत या दोन परंपरा एकत्र आल्या. सुरुवातीस सर्व घराणें ब्रिटिश आणि अमेरिकन. १ नोव्हेंबर १९४८ रोजीं सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजी-ला खिंडींत, साडेअकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर चढले आणि शत्रूला चकित केलें, ते याच घराण्याचे. पुढें सेंच्युरियन आला, तोहि इंग्रजी. नंतर मात्र सोव्हिएत बनावटीचे टी-५४, टी-५५ आणि पाण्यांत तरंगणारे पीटी-७६ आले. १९७१ च्या नोव्हेंबरमध्यें पूर्व सीमेवर गरीबपूरच्या लढाईंत पंचेचाळीसाव्या कॅव्हलरीचे पीटी-७६च होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टी-७२ आला. सोव्हिएत गाडीबरोबर तो काळा गादीदार टोप आणि गळ्याशीं बसणारा मायक्रोफोनहि आला. म्हणजे एकाच दळांत कांहीं रिसाले ओठांनीं बोलणारे, तर कांहीं कंठानें बोलणारे! दोन्ही तऱ्हांचें बोलणें ज्याच्या हातीं जाईल तो शिपाई नगरच्या माळावरच तयार व्हावयाचा. तेथील वैशाखाचें ऊन ज्यांनीं सोसलें आहे त्यांना गळ्याभोंवतीं घट्ट पट्टा बांधून तापल्या पोलादांत बसणें म्हणजे काय, हें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. पट्टा सैल केला तर डबी कंठापासून सुटते व आवाज जातो; घट्ट ठेवला तर घामानें जीव नकोसा होतो. आणि कार्बनच्या कणांना दमटपणा लागला तर ते एकमेकांस चिकटून बसतात, हें निराळेंच.

अशा शिक्षणाचें मोल कशांत आहे, हें एका घटनेवरून सांगतों. १९७१ च्या डिसेंबरांत युद्ध पेटलें, त्यापूर्वीं सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे नगरला नव्या अंमलदारांच्या शिक्षणक्रमासाठीं आले होते. जन्म पुण्याचा, वय एकवीस, आणि पूना हॉर्समध्यें रुजू होऊन सहा महिनेहि झाले नव्हते. युद्धाची चाहूल लागतांच शिक्षणक्रम अर्धाच टाकून त्यांना आपल्या रिसाल्याकडे जावें लागलें. १६ डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे शत्रूच्या रणगाड्यांनीं मोठा प्रतिहल्ला केला. त्या वेळीं मदतीची हांक बिनतारीवरूनच आली, आणि खेत्रपाल आपल्या सेंच्युरियन रणगाड्यासह तिकडे धांवले. लढतां लढतां त्यांच्या गाडीला गोळा लागून ती पेटली. गाडी सोडून द्या, अशी वरिष्ठांची आज्ञा बिनतारीवरून आली. आपली तोफ अजून चालते आहे, तेव्हां आपण गाडी सोडणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें. त्यानंतर त्यांनीं संच बंद केला. पुढें झालेल्या लढाईंत त्यांना वीरगति प्राप्त झाली. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यांत आलें.

ती वार्ता वाचतांना आपलें लक्ष साहजिकच शौर्याकडे जातें, आणि तें योग्यच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकानें आणखी एक गोष्ट पाहावी. धुरांत, ज्वाळांत आणि तोफांच्या भडिमारांत एक माणूस दुसऱ्याला कांहीं सांगतो, तें दुसऱ्याला शब्दशः कळतें, आणि तो त्याला उत्तर देतो. एकवीस वर्षांच्या त्या तरुणाचा निश्चय आज आपल्याला ठाऊक आहे तो त्या कांहीं क्षणांत बिनतारी नीट ऐकूं आली म्हणून. ती ऐकूं आली नसती, तर एका जळालेल्या गाडीवरून तो निश्चय कोणी वाचला असता?

आतां कोणी विचारील, कीं हा सगळा लष्करी कारभार आम्हां नागरिकांना काय कामाचा? आजकाल हातांत मावणारी दुतर्फी बिनतारी, म्हणजे वॉकी-टॉकी, केवळ सैन्याची राहिलेली नाहीं. अग्निशामक दळ, शोधपथकें, कारखाने, डोंगर चढणाऱ्या मंडळ्या यांच्या हातीं ती दिसते. कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एखादा चमू तिच्यावर बोलतांना आढळेल. तिला जोडावयाचा गळ्याचा मायक्रोफोनहि बाजारांत मिळतो. तो घ्यावा कीं न घ्यावा, हें ठरवितांना वरचा इतिहास उपयोगी पडतो.

पहिली गोष्ट, आपला गोंगाट ओळखावा. डोंगरमाथ्यावरचा सोसाट्याचा वारा, मोटारसायकलीवरची हवा, अग्निशामकाचा श्वसन-मुखवटा, अशा ठिकाणीं तोंडासमोरचा मायक्रोफोन निकामी होतो. तेथें गळ्याचा घ्यावा. साखर कारखान्याच्या गाळप-विभागांतल्यासारखा सततचा घरघराट असेल आणि तोंड उघडें असेल, तर गोंगाट वजा करणारा ओठांजवळचा मायक्रोफोन बहुधा सरस ठरतो. दुसरी गोष्ट, काय बोलावयाचें आहे तें पाहावें. ‘थांब’, ‘चल’, ‘वर ओढ’ असे ठरलेले थोडे शब्द असतील तर कंठाचा घोगरेपणा चालेल. नवीं नांवें, पत्ते, औषधांचीं प्रमाणें सांगावयाचीं असतील तर ओठांचीच वाणी हवी. तिसरी गोष्ट, गळा ज्याचा त्याचा. बारीक मानेवर डबी टेकत नाहीं, जाड मानेवर नाद मंद होतो, दाढी मधें येते, गळपट्टा आड येतो. म्हणून एकाच्या गळ्याला बसला तो दुसऱ्याला बसेल असें धरून सगळ्यांसाठीं एकदम खरेदी करूं नये. चौथी, बोलतांना दाबावयाचें बटन कोठें आहे आणि हातमोजा घालून तें दाबतां येतें कीं नाहीं; तसेंच त्याची खुंटी आपल्या संचाच्या भोंकांत बसते कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें. खुद्द संच वापरण्यास सरकारी परवाना लागतो कीं नाहीं, हेंहि त्याच वेळीं विचारून घ्यावें.

आणि शेवटची कसोटी हार्वर्डचीच. ती घरींहि करतां येते. ज्या गोंगाटांत काम करावयाचें तेथें एकानें उभें राहून वीस-पंचवीस आंकडे व नांवें वाचावीं. त्यांत पांच, सात, आठ, साठ हे मुद्दाम मिसळावे. दुसऱ्यानें दूर बसून तीं लिहावीं, आणि मग दोन कागद शेजारीं ठेवून ताडून पाहावे. दुकानदाराच्या शांत खोलींत उत्तम वाटलेलें यंत्र या परीक्षेंत नापास होतें, आणि साधें दिसणारें पास होतें, असें पुष्कळदां दिसेल. बोलतांना ओरडूं नये; ओरडल्यानें नाद फुगतो, व्यंजनें फुगत नाहींत. कुजबूजहि करूं नये. कुजबूज म्हणजे निव्वळ श्वास, आणि कंठयंत्राचा धंदा नादावर चालतो. मध्यम, भरीव आवाजांत, एकेक अक्षर सुटें करून बोलावें. आणि संकटाच्या वेळीं जें बोलावें लागेल तें स्वस्थपणाच्या दिवसांत घोकून ठेवावें.

नगरच्या संग्रहालयांत जाण्याचा योग आला, तर तोफ आणि पोलाद पाहून झाल्यावर एखाद्या रणगाड्याच्या उघड्या झांकणाकडेहि क्षणभर पाहावें. त्या भोकांतून डोकें बाहेर काढून उभ्या राहणाऱ्या नायकाच्या हाताखालीं तीन-चार माणसें असत, आणि त्यांतल्या बहुतेकांना बाहेरचें जग एका चिरेपलीकडे दिसत नसे. कोठें वळावें, केव्हां थांबावें, कशावर मारा करावा, हें त्यांना त्याच्या शब्दावरूनच कळे. तो शब्द ओठांवरून घेतलेला असो वा कंठावरून, त्यांनीं आपला जीव त्याच्या हवालीं केलेला असे.